गर्व, असुरक्षितता आणि ख्रिस्ती श्रद्धा : पंडिता रमाबाईंच्या आध्यात्मिक प्रवासाच्या संदर्भात

प्रस्तावना

गर्व आणि असुरक्षितता या मनाच्या दोन परस्परविरोधी अवस्था आहेत, असे सामान्यतः मानले जाते. गर्विष्ठ मनुष्य स्वतःला वाजवीपेक्षा अधिक मोल देतो आणि असुरक्षित मनुष्य कमी, अशी ती सोपी मांडणी आहे. अनुभवाला मात्र ही विभागणी उतरत नाही. कुळ, विद्वत्ता, पद यांचा ताठा बाळगणारा मनुष्य नेमक्या त्याच गोष्टींविषयी सर्वाधिक हळवा असतो. नावामागची उपाधी कोणी अनवधानाने गाळली तरी त्याची झोप उडते. विद्याक्षेत्रात याची उदाहरणे फार दूर शोधावी लागत नाहीत. उलट, सदैव स्वतःला उणे लेखणाऱ्या मनुष्याचे सारे लक्षही अखेर स्वतःवरच खिळलेले असते.

ख्रिस्ती धर्मविचाराने या दोन अवस्थांचे मूळ एकच मानले आहे आणि त्यांवरचा उपायही एकच सांगितला आहे. तो उपाय म्हणजे निव्वळ नम्रतेचा उपदेश नव्हे, हे पुष्कळदा लक्षात घेतले जात नाही. चर्चच्या इतिहासात नम्रतेच्या उपदेशाचा उपयोग दुबळ्यांना गप्प बसविण्यासाठीही झालेला आहे. म्हणूनच गर्व कोणता आणि आत्मसन्मान कोणता, हा प्रश्न या विषयात टाळता येत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या जीवनाच्या आधारे केला आहे. विद्वत्तेचा सर्वोच्च मान आणि कमालीची निराधार अवस्था या दोन्ही गोष्टी त्यांच्या वाट्याला आल्या. आणि ज्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना बाप्तिस्म्यापर्यंत आणले, त्यांनीच पुढे त्यांच्यावर गर्वाचा ठपका ठेवला.

गर्वाची ख्रिस्ती संकल्पना

मराठीत या विषयाची चर्चा करताना शब्दांपासूनच अडचण सुरू होते. ‘अहंकार’ हा शब्द सांख्यांच्या तत्त्वविचारात एका तत्त्वाचे नाव आहे. त्याला केवळ नैतिक दोष म्हणता येत नाही. ‘अभिमान’ हा शब्द निंदेसाठी वापरला जातो आणि स्तुतीसाठीही. ‘स्वाभिमान’ तर गुणच मानला जातो. ख्रिस्ती परंपरेत ज्याला पाप म्हटले आहे तो गर्व यांपैकी कोणत्याही एका शब्दात पूर्णपणे मावत नाही.

संत ऑगस्टीन यांच्या विवेचनात गर्व हे सर्व पापांचे आरंभस्थान आहे. ज्या ईश्वराच्या आधारावर जीव उभा आहे तो आधार सोडून जीव स्वतःलाच स्वतःचा आधार करू पाहतो, हे त्यांच्या मते गर्वाचे स्वरूप. या व्याख्येत दुसऱ्याला तुच्छ लेखण्याची गोष्ट मुळात येतच नाही. ती नंतरचा परिणाम म्हणून येते. मूळ गोष्ट आधार बदलण्याची आहे. आणि जो आधार आपणच आपल्या हातांनी उभा केला, तो कोसळण्याची भीतीही आपलीच असते. गर्वाच्या पोटात असुरक्षितता असते ती अशी.

विसाव्या शतकात अमेरिकन धर्मचिंतक राइनहोल्ड नीबर यांनी हीच गोष्ट उलट्या टोकाकडून मांडली. मनुष्य मर्त्य आहे आणि आपण मर्त्य आहोत हे त्याला कळते, म्हणून तो चिंताग्रस्त असतो. ही चिंता स्वतः पाप नव्हे, पण ती शमविण्यासाठी तो सत्ता, ज्ञान आणि सदाचार यांच्या आश्रयाने स्वतःला अभेद्य करू पाहतो आणि गर्व निर्माण होतो, असे त्यांचे प्रतिपादन. सदाचाराचा गर्व त्यांनी यात आवर्जून धरला आहे. लूकच्या शुभवर्तमानातील परूशी आणि जकातदार यांच्या दाखल्याचा रोख तोच आहे. मंदिरात प्रार्थना करणारा परूशी खोटे बोलत नाही. त्याचे उपवास आणि दाने खरीच आहेत. पण शेजारी उभ्या असलेल्या जकातदाराकडे पाहिल्याशिवाय त्याला स्वतःच्या पुण्याची खात्री वाटत नाही.

महाराष्ट्रातील सोवळ्याओवळ्याच्या आचारात भय आणि प्रतिष्ठा यांची अशीच गाठ आढळते. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये आपल्या वडिलांचे जे चित्र रेखाटले आहे ते या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. १८५७च्या धामधुमीनंतर आजोबांना फाशी झाली आणि त्या धसक्यातून वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. घरात येणारी प्रत्येक वस्तू, मीठसुद्धा, धुऊन घेण्यापर्यंत ते वेड गेले. त्या घरातील वर्णश्रेष्ठत्वाचा ताठा भीतीवर उभा होता. पुढे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाईंना स्वतःच्या मनातील हे सोवळे उतरवायला काही वर्षे लागली आणि १९०० साली त्यांनी स्वतंत्रपणे बाप्तिस्मा घेतला. त्यांचा विनोद हा या उतरविण्याचाच एक भाग होता, असे म्हणायला हरकत नाही. ज्याला गमवायचे काही उरले नाही तोच स्वतःवर इतक्या मोकळेपणाने हसू शकतो.

मात्र गर्व हेच सर्वांचे मूळ पाप, या मांडणीला १९६० साली व्हॅलरी सेव्हिंग यांनी मार्मिक आक्षेप घेतला. ऑगस्टीनपासून नीबरपर्यंतचे धर्मचिंतक पुरुष होते आणि त्यांनी पुरुषाच्या अनुभवाला मनुष्यमात्राचा अनुभव मानले. स्त्रीच्या बाबतीत मोह स्वतःला वाढविण्याचा नसून स्वतःला पुसून टाकण्याचा असतो, आणि अशा स्त्रीला आत्मत्यागाचा उपदेश करणे म्हणजे रोगच औषध म्हणून देणे होय, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय आहे. हा आक्षेप बाजूला ठेवून रमाबाईंचा विचार करता येणार नाही. रमाबाईंनी आपल्या परीने तो पाऊणशे वर्षे आधी अनुभवला होता.

विद्वत्ता आणि निराधारता

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्यापायी स्वकीयांचा रोष ओढवून घेतला. रमाबाईंना संस्कृत मिळाले ते आईकडून. पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरणाऱ्या या कुटुंबावर १८७०च्या दशकातील दुष्काळात उपासमार ओढवली. वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी फिरत १८७८मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तेथे पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या उपाध्या दिल्या. वय अवघे वीस वर्षांचे. दोन वर्षांत भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधवी या शूद्र गणल्या जाणाऱ्या जातीतील वकिलाशी त्यांनी विवाह केला, तर १८८२च्या आरंभी पतीही गेले. तान्ही मुलगी मनोरमा तेवढी उरली.

या दोन धाग्यांची वीण महत्त्वाची आहे. एकीकडे भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत असलेली, सभा जिंकणारी विदुषी; दुसरीकडे ज्यांच्यावर विसंबावे त्यांना एकामागून एक गमावत गेलेली तरुणी. तिसरा धागा अधिक खोलवरचा आहे. १९०७च्या सुमारास लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी नमूद केले आहे की, परस्परांशी अनेक बाबतींत न जुळणारे धर्मग्रंथ एका गोष्टीवर मात्र एकमत असल्याचे त्यांना आढळले : स्त्री ही जात म्हणून वाईट आहे आणि पुरुषाप्रमाणे मोक्षाची अधिकारी नाही. जे शास्त्र जाणल्यामुळे त्यांना मान मिळाला, तेच शास्त्र त्यांना अपात्र ठरवत होते. सन्मान आणि अपमान यांचा उगम एकच होता. अशा ठिकाणी विद्वत्ता कितीही वाढवली तरी भीती कमी होत नाही.

वाँटेजची पत्रे : गर्व की आत्मसन्मान?

१८८३ साली रमाबाई मुलीसह इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघात राहिल्या. त्यांच्यासोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांचा तेथेच दुःखद अंत झाला. कमी ऐकू येत असल्याने वैद्यकीचे शिक्षण घेण्याचा रमाबाईंचा बेत सोडावा लागला. लंडनमधील फुलहॅम भागात या भगिनी पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी करत असलेले कार्य त्यांनी पाहिले आणि अशा स्त्रियांना तिरस्काराऐवजी माया देणारा धर्म त्यांना खरा वाटला. शोमरोनी स्त्रीशी ख्रिस्त विहिरीपाशी बोलतो, तो योहानाच्या शुभवर्तमानातील प्रसंग त्यांच्या मनात याच काळात ठसला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

यानंतर चेल्टनहॅम येथील महाविद्यालयात असताना सिस्टर जेराल्डीन आणि प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. ती पत्रे आज वाचताना दोन्ही बाजूंविषयी सहानुभूती वाटते, पण ती सारखी वाटत नाही. वादाचे विषय वरवर पाहता किरकोळ आहेत. रमाबाई शाकाहार सोडीनात; अंडे घातलेला पदार्थही त्यांना चालत नसे. त्यात जेराल्डीन यांना जातीचा उरलेला ताठा दिसला. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असे रमाबाईंनी विचारले. पूर्वजांच्या ज्या चालीरीती विवेकाला बाधत नाहीत त्या त्यांना सोडायच्या नव्हत्या आणि स्वतःला हिंदी म्हणविण्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा प्रश्न निघाला तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी प्रतिकूल मत दिले. आपले वडील आणि पती यांनी ज्याला कधी हरकत घेतली नाही त्याला इथे हरकत यावी, याचे रमाबाईंना आश्चर्य वाटले. त्रैक्यासारख्या सिद्धान्तांविषयी शंका विचारल्या तर त्याला उद्धटपणा म्हटले गेले. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून नुकतीच मान सोडवून घेतल्यावर ती दुसऱ्या पुरोहितवर्गाच्या जोखडाखाली देणार नाही, अशा आशयाचे त्यांचे उत्तर प्रसिद्धच आहे.

हा गर्व होता काय? जेराल्डीन यांच्या बाजूने इतके म्हणता येईल की आज्ञापालन हे त्यांच्या भगिनीसंघाचे व्रत होते. स्वतःच्या इच्छेचा त्याग हीच त्यांनी जाणलेली नम्रता होती, आणि जे स्वतः आचरले तेच त्या शिष्येकडून अपेक्षीत होत्या. परंतु त्यांची गफलत अशी की ईश्वरापुढील नम्रता आणि चर्चच्या अधिकाऱ्यांपुढील नम्रता यांत त्यांनी भेद केला नाही. शाकाहाराच्या मुद्द्यावर मात्र निर्णय इतका सोपा नाही. जन्मजात सवय, वडिलांची स्मृती, जातिश्रेष्ठत्वाचा अवशेष आणि परक्या देशात आपलेपण जपण्याची धडपड यांतले काय किती, हे बाहेरून ठरवता येत नाही. कदाचित रमाबाईंनाही त्या वेळी सांगता आले नसते. गर्व आणि आत्मसन्मान यांचे बाह्य वर्तन पुष्कळदा एकच दिसते. दोहोंतही मनुष्य ‘नाही’ म्हणतो. फरक असतो तो नकारामागे काय राखले जात आहे यात : स्वतःची प्रतिमा की स्वतःची सदसद्विवेकबुद्धी.

१८९१ : आधाराचा बदल

रमाबाईंच्या आत्मनिवेदनातील सर्वांत धक्कादायक भाग बाप्तिस्म्यानंतरच्या आठ वर्षांविषयी आहे. या काळात त्यांनी अमेरिकेत दौरे केले, १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले, १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविले. बाहेरून पाहता हा यशाचा काळ होता. तरीही मागे वळून पाहताना त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, त्या धर्माचा ख्रिस्त सापडला नव्हता. धर्म बुद्धीला पटला होता. मन मात्र अस्वस्थ होते. १८९१च्या सुमारास ही अस्वस्थता पराकोटीला गेली आणि मग निवळली.

कशामुळे निवळली, हे त्यांनी ज्या पद्धतीने सांगितले आहे ती पद्धत महत्त्वाची आहे. तारणासाठी कशाकशावर विसंबायचे नाही याची गणतीच त्या करतात : जातीवर नाही, स्त्री वा पुरुष असण्यावर नाही, स्वतःच्या कर्मांवर नाही, कोणा मनुष्यावरही नाही, ते ईश्वराचे विनामूल्य दान आहे. ल्यूथरपासून प्रॉटेस्टंट परंपरेने सांगितलेला अनुग्रहाचा सिद्धान्तच हा, आणि एरवी तो सहज वाचून पुढे जाता आला असता. पण ही गणती रमाबाईंच्या चरित्राशेजारी ठेवून वाचली की तिचा अर्थ पालटतो. जात आणि कर्म या त्यांच्या मानाच्या जागा होत्या. ब्राह्मणकन्या आणि विदुषी म्हणून जगाने त्यांना ओळखले ते त्यामुळे. स्त्री असणे ही शास्त्राने ठरविलेली अपात्रता होती. मनुष्याचा आधार तर त्यांच्या हातून पाच वेळा निसटला होता. एकाच वाक्यात मानाच्या आणि भयाच्या साऱ्या जागा एकदमच निकालात निघतात. गर्वासाठी एक उत्तर आणि असुरक्षिततेसाठी दुसरे, असे येथे नाही. जे कमावलेले नाही त्याचा ताठा बाळगता येत नाही. आणि जे कमावलेले नाही ते आपल्या अपयशाने हिरावलेही जात नाही.

सेव्हिंग यांच्या आक्षेपाचे उत्तरही येथे काही अंशी मिळते. रमाबाईंच्या अनुभवात ‘स्व’ पुसला गेला नाही. स्त्री म्हणून नाकारलेली पात्रता त्यांना परत मिळाली आणि विदुषी म्हणून मिळालेल्या पात्रतेची गरज उरली नाही.

श्रद्धेची कसोटी

असा अनुभव खरा होता की क्षणिक भावावेग, हे शब्दांवरून ठरत नाही. १८९३ साली शारदासदनात मुलींना ख्रिस्ती केले जाते या आरोपावरून पुण्यात मोठे वादळ झाले. सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर यांच्यासारख्या मान्यवरांनी संबंध तोडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या आणि ‘केसरी’ने कठोर टीका केली. ज्या समाजाने १८८२ साली पुण्यात त्यांचे स्वागत केले, त्याच समाजाने पाठ फिरवली. प्रतिष्ठेवर उभे असलेले मन येथे एक तर मोडले असते किंवा कडवट झाले असते. रमाबाईंनी शांतपणे काम सुरू ठेवले, हे विरोधकांनाही नाकारता आलेले नाही. त्यांची बाजू सर्वस्वी निर्दोष होती असे मात्र म्हणता येत नाही. धर्मनिरपेक्ष संस्था म्हणून उभारलेल्या घरात संचालिकेच्या उघड प्रार्थनेचा मुलींवर प्रभाव पडणारच, या आक्षेपात तथ्य होते.

१८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-स्त्रिया घेऊन केडगावला आल्या. तेथे उभ्या राहिलेल्या मुक्तिसदनात शेती, विणकाम, छपाई शिकविली जाई. अंधांसाठीही सोय होती. स्वतःच्या तारुण्यातील भुकेची आठवण त्यांनी या काळात लिहून ठेवली. जी आठवण लपवावीशी वाटावी, ती मदत मिळविण्यासाठी जाहीरपणे सांगणे यातही एक प्रकारची निर्भयता आहे.

मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. मुक्तिसदनात आलेली दुष्काळग्रस्त मुलगी अन्न, निवारा आणि धर्म एकाच दारातून स्वीकारत होती. तिच्या निवडीला किती मोकळीक होती, हा प्रश्न श्रद्धेच्या प्रांजळपणाने सुटत नाही. १९०५ साली तेथे झालेल्या धर्मजागृतीत मुलींनी रडून, मोठ्याने पापे कबूल केली. ज्यांना जगाने आधीच टाकाऊ ठरविले होते, त्यांच्याकडून पापकबुलीची अपेक्षा करण्यात सेव्हिंग यांचा आक्षेप पुन्हा डोके वर काढतो. रमाबाईंना स्वतःला जी मुक्ती वाटली ती त्यांच्या छत्राखालच्या प्रत्येकीला तशीच लाभली असेल, असे गृहीत धरता येणार नाही.

अखेरच्या वर्षांत त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १८८२ साली लिहिलेल्या ‘स्त्रीधर्मनीति’ची भाषा संस्कृतप्रचुर आणि उपदेशाची होती; अज्ञानी स्त्रियांना वरच्या पायरीवरून सांगण्याचा सूर तिच्यात आहे. बायबलसाठी त्यांनी जाणीवपूर्वक साधी मराठी निवडली. नुकत्याच अक्षरओळख झालेल्या खेड्यातील बाईला ते वाचता यावे, एवढाच निकष त्यांनी लावला. साहित्यिक सौष्ठवाच्या दृष्टीने हे भाषांतर पूर्वीच्या भाषांतरांना मागे टाकते असे नाही, आणि संस्कृत धार्मिक शब्द टाळण्याच्या आग्रहामुळे काही ठिकाणी ते रुक्षही झाले आहे. पण कलकत्त्याच्या सभेत संस्कृतात उत्तरे देऊन ‘सरस्वती’ ठरलेल्या विदुषीने आपली सारी विद्वत्ता, ती दिसू नये अशा भाषेसाठी खर्च केली. १९२१ साली मनोरमा गेली. रमाबाई त्यानंतर काही महिनेच जगल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत त्या भाषांतराच्या कामाला लागलेल्या होत्या. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला.